दिवेलागणीला दिवा लागलाच पाहिजे: वायरलेस स्मार्ट दिवे भरवशाचे करण्यासाठी

स्मार्ट दिवे विकत घेण्याआधी एक संध्याकाळ वही-पेन घेऊन घरात बसा. सहापासून अकरापर्यंत कोण कुठल्या बटणाला हात लावतं, एवढंच लिहून काढा. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात मी हे काम केलं, पण दिवे बसवून झाल्यावर. तेव्हा लक्षात आलं की तिन्हीसांजेला आई आधी देवघरातला, मग ओसरीतला, मग जिन्याचा दिवा लावते आणि झोपायला जाताना एकेक बटण बंद करत जाते. ओसरीत मी वायफायवर चालणारा बल्ब लावला होता. पहाटे साडेपाचला बाबा रामकुंडाच्या बाजूला फिरायला निघतात, तेव्हा तो आपोआप लागावा म्हणून वेळ लावून ठेवली होती. पण रात्री आईनं बटण बंद केलं की बल्बची वीजच तुटायची आणि पहाटे ओसरी अंधारात असायची. बल्ब चांगला होता, वायफाय चांगलं होतं, आईचंही काही चुकत नव्हतं. स्मार्ट बल्ब तिथे लावायलाच नको होता.

भरवशाचा दिवा म्हणजे काय, याची माझी कसोटी तेव्हापासून एकच आहे. घरात ज्याच्या हातात मोबाइल नाही, त्यानं अंधारात चाचपडत बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे. आवाजानं लागणं, वेळेवर लागणं, रंग बदलणं हे सगळं त्यानंतर.

पायरी १: बल्ब स्मार्ट करायचा की बटण?

वहीतल्या नोंदी बघा. ज्या बटणाला रोज दोन-तीन माणसांचा हात लागतो तिथे, म्हणजे हॉल, स्वयंपाकघर, जिना, ओसरी इथे, बल्ब साधाच ठेवा आणि बोर्डाच्या मागे बसणारं छोटं मोड्यूल लावा. नेहमीचं बटण मोड्यूलला जोडलं जातं आणि मोड्यूल दिव्याला वीज देतं. बटण वर असो की खाली, मोड्यूल जागं राहतं. राउटर बंद पडला तरी बटणानं दिवा लागतो. आमच्या ओसरीत आता ९ वॉटचा साधा एलईडी आहे. आई रात्री बटण बंद करते आणि पहाटे साडेपाचला दिवा लागतो.

घरच्यांना एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवा. दिवा मोबाइलवरून किंवा वेळेवर लागला की बटणाची वर-खाली स्थिती आणि दिव्याची स्थिती जुळेलच असं नाही. ॲपमध्ये बटणाचा प्रकार असा निवडा की बटण कुठल्याही बाजूला दाबलं तरी दिव्याची स्थिती उलटेल: लागलेला विझेल, विझलेला लागेल. आईला हे अंगवळणी पडायला आठवडा लागला. न सांगता केलं असतं तर तिनं वायरमनला बोलावलं असतं.

स्मार्ट बल्ब ठेवा तो टेबल लॅम्पमध्ये, पलंगाजवळ, शोकेसमध्ये, जिथे बटण कायम चालू राहील अशा ठिकाणी. घेताना होल्डर बघा. आपल्याकडे पिनचा बी२२ होल्डर जास्त दिसतो, तर बरेच रंगीत बल्ब आट्यांच्या ई२७ मध्ये येतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला बल्ब लावण्याआधी त्यावरचा व्होल्टेज वाचा. तिथे १२० व्होल्ट चालतात, आपल्याकडे २३०. फक्त १२० लिहिलेला बल्ब आपल्या होल्डरमध्ये घालू नका. तिथली झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीची उपकरणंही इथे निरुपयोगी, कारण तिथली लहर ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपासची आणि आपल्याकडे त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे.

मोड्यूल बसवताना पहिला प्रश्न न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा. ज्या बोर्डात बटणांसोबत प्लग पॉइंट आहे तिथे न्यूट्रलची तार आलेली असते. नुसती बटणं असलेल्या बोर्डात किंवा जिन्याच्या टू-वे बटणात ती बहुधा नसते. न्यूट्रलशिवाय चालणारी मोड्यूल मिळतात, पण ती स्वतःपुरता करंट दिव्यातूनच ओढतात. त्यामुळे ५ वॉटचा एलईडी बंद असतानाही मंद जळतो किंवा लुकलुकतो. मग दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर लावावा लागतो. भिंतीतल्या पाइपातून एक तार ओढून घेणं शक्य असेल तर तेच करा, कायमचा प्रश्न मिटतो.

दुसरा प्रश्न डब्याचा. नव्या फ्लॅटमध्ये भिंतीत गाडलेला बोर्डाचा डबा बऱ्याचदा पत्र्याचा असतो. पत्रा रेडिओ लहरी अडवतो. सिग्नलला वाट उरते ती फक्त पुढच्या प्लॅस्टिकच्या प्लेटमधून. मोड्यूल तारांच्या गुंत्याखाली तळाशी कोंबलं तर ते दर दोन दिवसांनी ‘ऑफलाइन’ दिसणारच. ते प्लेटला लागून, पुढच्या बाजूला बसवायला सांगा. वाड्यातल्या जुन्या लाकडी बोर्डात ही अडचण येत नाही.

हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. एमसीबी खाली पाडून, टेस्टरनं खात्री करून मगच बोर्ड उघडायचा. मोड्यूल किती अँपिअरचं आहे ते वाचा. दिव्याच्या मोड्यूलवर गिझर किंवा पाण्याची मोटर चढवायची नाही. पंख्याचा वेग बदलायचा असेल तर पंख्यासाठी असलेलं वेगळं मोड्यूल घ्या. आणि स्मार्ट बल्ब जुन्या डिमरच्या पुढे कधीच लावू नका.

पायरी २: भिंतींचा अंदाज घ्या

पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या दगड-विटांच्या जाड भिंती आणि नव्या टॉवरमधल्या सळयांनी भरलेल्या काँक्रीटच्या भिंती, दोन्ही सिग्नल सारख्याच खातात. मोबाइलवर वायफायची ताकद मोजणारं एखादं ॲप घ्या, जिथे दिवा बसणार तिथे उभे राहा, दार बंद करा आणि आकडा वाचा. तो उणे डीबीएममध्ये असतो. उणे ६० पर्यंत उत्तम, उणे ७० पर्यंत चालतं, उणे ७५ च्या पलीकडे गेला तर तिथला दिवा आज जोडला जाईल आणि परवा रुसेल. बल्बचा अँटेना मोबाइलपेक्षा लहान असतो, म्हणून काठावरच्या आकड्यावर विसंबू नका.

आकडा वाईट आला तर आधी राउटर हलवा. इंटरनेट जोडायला येणारा माणूस राउटर दाराजवळच्या कोपऱ्यात किंवा टीव्हीच्या मागे ठेवून जातो, कारण त्याची तार तिथपर्यंतच पोचते. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, उघड्यावर हवा. फ्रिज, लोखंडी कपाट आणि मायक्रोवेव्हपासून लांब. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे नेमका दिव्यांच्याच पट्ट्यात. दुमजली घर असेल तर माडीवर दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा आणि तो लॅनच्या तारेनं जोडा. जाड स्लॅबमधून हवेतूनच सिग्नल पुढे ढकलणारे रिपीटर मला पटले नाहीत. घरातल्या सगळ्यात कमकुवत जागीच ते दुबळा सिग्नल उचलतात आणि तोच पुढे देतात.

बंद काचेच्या हंड्या आणि धातूच्या शेड्सबद्दलही एक सांगायचं आहे. धातू सिग्नल अडवतो, बंद काच उष्णता अडवते. बल्बमधलं सर्किट तापलं की तो आधी जाळ्यातून गळतो आणि मग लवकर जातो. अशा दिव्याला साधा एलईडी आणि मागे मोड्यूल हाच उपाय.

पायरी ३: राउटरमधल्या काही गोष्टी

वायफायचे बहुतेक स्मार्ट दिवे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल तर जोडणीच्या वेळी मोबाइल ५ वर असतो, बल्ब २.४ शोधत असतो आणि ॲप ‘सापडलं नाही’ म्हणून हात वर करतं. म्हणून २.४ चं वेगळं नाव ठेवा. नावात आणि पासवर्डमध्ये साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवा. मोकळी जागा किंवा विशेष चिन्हं असली की काही स्वस्त बल्ब अडतात.

चॅनेल ‘ऑटो’वर ठेवू नका. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. इमारतीत शेजाऱ्यांचे राउटर कुठे बसलेत ते ॲपमध्ये बघा आणि त्यातला मोकळा निवडा. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ निवडा. डब्ल्यूपीए३ अनेक जुन्या बल्बना कळत नाही. प्रत्येक दिव्याचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला त्याचा क्रमांक, राउटरमध्ये राखून ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर पत्त्यांची अदलाबदल होत नाही. दिवे गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, टाकणार असाल तर त्यातली यंत्रांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग बघा. ती चालू असली की मोबाइल घरातच असून दिव्याशी थेट बोलू शकत नाही.

आता या पायरीतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. कधी इंटरनेट कंपनी बदलली, नवा राउटर आला, तर त्याला जुनंच वायफाय नाव, जुनाच पासवर्ड आणि तीच सुरक्षा द्या. अक्षर न् अक्षर तसंच. सगळे दिवे आपणहून परत जोडले जातील. मी हे शिकण्याआधी एका रविवारी २२ दिवे शिडीवर चढून एकेक करून जोडले आहेत.

पायरी ४: दिवे वाढले तर झिगबी

इंटरनेट जोडणीसोबत मिळालेला राउटर फार यंत्रं सांभाळायला बनलेला नसतो. मोबाइल, टीव्ही, कॅमेरे आणि वर पंधरा-वीस दिवे झाले की तो दमतो. तिथून पुढे मी झिगबी ही वेगळी बिनतारी पद्धत सुचवतो. त्यात दिवे राउटरला न जोडता हब नावाच्या एका मध्यवर्ती डब्याला जोडले जातात आणि कायम विजेवर असलेला बहुतेक प्रत्येक दिवा किंवा मोड्यूल पुढच्याचा निरोप पोचवतो. त्यामुळे वाड्याची जाड भिंत एका उडीत ओलांडावी लागत नाही. दारातल्या मोड्यूलकडून पडवीत, पडवीतून जिन्यात, असा सिग्नल जातो.

याच कारणानं झिगबीत बटणावरून बंद होणारा बल्ब दुप्पट त्रास देतो. तो स्वतः जातोच, शिवाय त्याच्या आधारावर असलेले मागचे दिवे आणि सेन्सरही लटकतात. पहिल्या पायरीतली निवड इथे जास्तच मोलाची. बॅटरीवरचे सेन्सर निरोप पुढे देत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

झिगबीही २.४ गिगाहर्ट्झमध्येच राहतो, त्याचे चॅनेल ११ ते २६. आकडे सारखे दिसले तरी वायफायचा ११ आणि झिगबीचा ११ वेगळे. वायफाय १ आणि ६ यांच्या फटीत झिगबीचा १५ बसतो, ६ आणि ११ यांच्या फटीत २०, आणि वायफाय ११ च्या पलीकडे २५. आपलं वायफाय १ वर असेल तर मी २० किंवा २५ घेतो. हे सुरुवातीलाच ठरवा. नंतर चॅनेल बदलला तर काही दिवे पुन्हा जोडावे लागतात.

हब राउटरला चिकटून ठेवू नका, निदान एक-दोन मीटर अंतर हवं. संगणकाला लावायचा झिगबी डोंगल असेल तर तो यूएसबीच्या एक्स्टेन्शन तारेनं लांब न्या, कारण यूएसबी ३.० चं पोर्ट आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतात. पन्नास-शंभर रुपयांच्या तारेनं सुटलेले कितीतरी ‘खराब डोंगल’ मी पाहिले आहेत. दिवे जोडताना हबजवळच्यापासून सुरुवात करा आणि लांबचे शेवटी, शक्यतो ज्या जागी बसणार तिथेच.

मॅटर हे नाव खोक्यांवर दिसेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी एकमेकांशी घरातल्या घरात बोलावं यासाठी ते आहे. मॅटरचा दिवा वायफायवर किंवा थ्रेडवर चालतो. थ्रेड म्हणजे झिगबीसारखंच, एकमेकांचे निरोप पोचवणारं बिनतारी जाळं. थ्रेडचा घ्याल तर घरात त्या जाळ्याला घरच्या वायफायशी जोडणारा थ्रेड बॉर्डर राउटर असलेलं एखादं यंत्र लागतं, हे खोकं उघडण्याआधी तपासा.

पायरी ५: वीज जाण्यायेण्याची तयारी

आपल्याकडे खरी परीक्षा मे महिन्यात. वळवाचा पाऊस, वारा, आणि मिनिटाभरात चार-पाच वेळा आली-गेली वीज. अशाच एका संध्याकाळी इंदिरानगरच्या मावशीचा फोन आला, “अरे, तुझे दिवे डोळे मिचकावतायत, मी काय करू?” तिच्या हॉलमधले तिन्ही बल्ब लुकलुकत होते. झालं असं होतं की अनेक कंपन्यांचे बल्ब झटपट तीन ते पाच वेळा चालू-बंद केले की सगळं विसरून नव्या जोडणीच्या अवस्थेत जातात. ती त्यांची रिसेटची रीतच आहे. हे काम एरवी माणूस बटणानं करतो, त्या दिवशी वळवानं केलं. मी तिला बटण बंद करून स्वयंपाकघरातला दिवा लावायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बल्ब पुन्हा जोडले.

यावर उपाय आहेत. ॲपमध्ये झटपट रिसेट बंद करायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर असे बल्ब इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, म्हणजे आली-गेली वीज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, बदल पटकन होतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर एलईडीचे ड्रायव्हर गुणगुणतात आणि त्यांचं आयुष्य घटतं. बोर्डामागचं मोड्यूल वीज आल्या-गेल्यानं सहसा रिसेट होत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

दुसरं, वीज परत आल्यावर दिव्यानं काय करावं हे ॲपमध्ये ठरवा. मूळ सेटिंग बहुधा ‘पूर्ण उजेडात चालू’ अशी असते. रात्री दोनला वीज आली की लहान मूल आणि आजी-आजोबा दोघंही दचकून उठतात. झोपायच्या खोलीत ‘आधीची स्थिती’ निवडा. जिना आणि बाथरूममध्ये मात्र स्मार्ट बल्ब असेल तर ‘चालू’च राहू द्या, म्हणजे बटण बंद करून परत लावलं की तो नक्की लागतो.

तिसरं, राउटर आणि हब यांना छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर त्यांना चालू ठेवणारी बॅटरी, द्या. राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेला व्होल्टेज आणि अँपिअर बघूनच घ्या. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, तरी वाचल्याशिवाय जोडू नका. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लागेल. राउटर चालू राहिला की वीज आल्यावर दिवे लगेच जाळ्यात येतात. नाहीतर दिवे दोन सेकंदांत जागे होतात, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तोवर काही बल्ब शोधून थकतात.

स्वतंत्र बंगला असेल, आडगाव किंवा मखमलाबादकडे मोकळ्यावर, तर मुख्य डीबीमध्ये, म्हणजे एमसीबींच्या डब्यात, विजेचा अचानक आलेला लोट अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नीट नसेल तर सर्ज प्रोटेक्टरचा उपयोग होत नाही.

पायरी ६: इंटरनेटची तार काढून बघा

सगळं बसल्यावर राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटची तार दहा मिनिटं काढा. वायफाय चालू राहू द्या. आता ॲपवरून दिवे लागतात का? बटणानं लागतात का? पाच मिनिटांनंतरची वेळ लावून ठेवली होती ती पाळली जाते का? जे बंद पडलं ते बाहेरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर अवलंबून आहे, हे कळलं. शोभेच्या पट्टीला ते चालेल. जिन्याला, देवघराला, फाटकाच्या दिव्याला चालणार नाही. तिथे घरातच निर्णय घेणारा हब किंवा मॅटरची वस्तू वापरा.

वेळ लावताना घड्याळाची न लावता सूर्यास्ताची लावा. नाशकात नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्याही पुढे, म्हणजे सव्वा तासाहून जास्त फरक. ॲपमध्ये ठिकाण नाशिकच आहे ना, एवढं बघा.

पायरी ७: वही

ती पहिल्या संध्याकाळची वही पुढे चालवा. बऱ्याच बल्बवर किंवा मोड्यूलवर जोडणीचा कोड असतो. मॅटरचा असेल तर क्यूआर आणि ११ आकडे. वस्तू छतात किंवा भिंतीत गेल्यावर तो दिसणार नाही, म्हणून बसवण्याआधी आकडे लिहून घ्या आणि फोटो काढा. कुठलं मोड्यूल कुठल्या बोर्डात, कुठल्या एमसीबीवर, राखून ठेवलेला आयपी पत्ता, खरेदीची तारीख हे सगळं त्यात लिहा. वायफायचा पासवर्डही. वही डीबीजवळच्या खिळ्याला अडकवा, म्हणजे तुम्ही गावाला असलात तरी वायरमनला काम करता येतं.

सॉफ्टवेअर अपडेट रविवारी दुपारी करा, एका वेळी एकच दिवा. आभाळ भरून आलेलं असताना अजिबात नको. मध्येच वीज गेली तर वस्तू कायमची मरू शकते.

दिवा गेला तर

आधी बटण बघा, मग एमसीबी. मग शेजारचे दिवे. एकच गेला असेल तर दोष त्या दिव्यात किंवा त्याच्या सिग्नलमध्ये. एका खोलीतले सगळे गेले असतील तर वाटेतला कुणीतरी निरोप्या बंद झालाय, कुठलं बटण कुणी बंद केलं ते शोधा. घरभर गेले असतील तर राउटर किंवा हब. तो बंद करून अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि पाच मिनिटं हात लावू नका. तरीही एखादा दिवा येत नसेल तर त्याची वीज दहा सेकंद तोडून एकदाच जोडा, पुन्हा पुन्हा नाही, नाहीतर तो रिसेट होईल. बल्ब असेल तर राउटरजवळच्या होल्डरमध्ये लावून बघा. तिथे चालला तर दोष बल्बचा नाही, जागेचा आहे. रिसेट सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी वहीतला कोड हाताशी घ्या.